हाताची तपासणी म्हणून थेरपिस्टने मुलीला नुसतं खेळवलं. ही तपासणी खरी मानायची का?

हो, मानायची. तुम्ही लिहिलंय की मुलगी सव्वादोन वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सीमुळे उजवी बाजू कमजोर आहे, आणि थेरपिस्टबाईंनी खेळणी देऊन 15 मिनिटांचा व्हिडिओ काढला, पण ‘मूठ उघड’ असं एकदाही सांगितलं नाही. मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मीही सांगत नाही.

माझ्याकडे एक मुलगा यायचा. आईने ‘टाटा कर’ म्हटलं की त्याचा कमजोर डावा हात लगेच वर, पाची बोटं उघडी. एकदा त्याच्यापुढे घट्ट झाकणाचा डबा ठेवला, आत लाल गाडी. त्याने डबा पोटाशी दाबला, हनुवटीने रेटला, उजव्या हाताने झाकण ओढत राहिला. डावा हात मांडीवरच, अंगठा मुठीत. तीनदा फसल्यावर डावं मनगट हळूच पुढे आलं आणि डब्याला टेकलं. सांगून उघडलेल्या मुठीपेक्षा हे आपणहून टेकणं मला जास्त सांगून जातं.

तुमच्याकडे झाली ती बहुधा असिस्टिंग हँड असेसमेंट असावी. ती स्वीडनमध्ये तयार झाली. 18 महिने ते 12 वर्षांसाठी तिचा किड्स प्रकार आहे. दोन्ही हात लागतील अशीच खेळणी देतात आणि कमजोर हात मदतीला किती येतो ते नंतर व्हिडिओवरून पाहतात: आपणहून पुढे येतो का, पकड टिकते का, सोडताना बोटं सुटतात का. प्रत्येक मुद्द्याला 1 ते 4 गुण, त्यावरून 0 ते 100 मधला आकडा. पुढच्या वेळी तो 5 किंवा जास्त युनिटांनी वाढला, तर सुधारणा खरी समजतात.

तुमच्या थेरपिस्टबाई ‘दुसरी पातळी’ म्हणाल्या, ती मात्र मिनी-मॅक्सची, म्हणजे 1 ते 4 वर्षांच्या मुलांच्या हातांच्या वापराची पातळी ठरवणाऱ्या वर्गवारीची. मूल दोन्ही हात मिळून रोजच्या वस्तू कशा हाताळतं त्यावरून, तुम्हाला विचारून ही पातळी ठरते. प्रगती मोजायला ती नाही, म्हणून दर महिन्याला ‘पातळी बदलली का’ विचारून जीव टांगणीला लावू नका.

मनगट, कोपर, अंगठा किती ताठ आहेत हे हात लावून बघायचं राहिलं असेल, तर पुढच्या वेळी जरूर बघायला सांगा. स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारी पट्टी, लागेल का, हे त्यावरूनही ठरतं.

आणखी एक, कारण याचं मला फार वाईट वाटतं. वर्षाच्या आतलं बाळ सगळं एकाच हाताने उचलत असेल, तर घरचे ‘डावखुरं असेल’ म्हणून सोडून देतात. इतक्या लवकर हात ठरत नाही; दुसरा हात कमजोर असू शकतो. ओळखीत असं बाळ दिसलं तर डॉक्टरांना दाखवायला सांगा.

घरी मोबाइलवर 2 मिनिटांचा व्हिडिओ काढा. पाय जमिनीला टेकतील असं तिला बसवा, नाहीतर चांगला हात तोल सांभाळण्यातच अडकतो. अर्धवट सोललेलं केळं द्या आणि ‘तो हात लाव ना’ अजिबात म्हणू नका. पुढच्या भेटीला तो थेरपिस्टबाईंना दाखवा.