सेल्कीला मत्स्यकन्या म्हणावं का?

प्रश्न असा: आयरिश लोककथेवर बेतलेली एक प्रेमाची अद्भुतरम्य कादंबरी मराठीत आणायची आहे. त्यातल्या 'सेल्की'ला, म्हणजे कातडी उतरवून बाई होणाऱ्या सीलला, 'मत्स्यकन्या' म्हणावं का, आणि ती अंगावरून जे उतरवते त्याला 'कात'?

माझ्या मते दोन्ही नकोत. मत्स्यकन्या कमरेखाली मासा असते आणि तिचं शेपूट खुंटीला टांगून ठेवता येत नाही. सेल्की पाण्यात पुरती सील (हा समुद्रातला प्राणी), जमिनीवर पुरती बाई. अख्खी गोष्ट त्या कातडीवर उभी आहे: किनाऱ्यावरचा माणूस ती लपवतो म्हणून लग्न होतं, पुढे ती कातडी तिच्या हाती लागते आणि पोरंबाळं टाकून ती समुद्रात निघून जाते. शिवाय सील मासा नव्हेच, सस्तन प्राणी आहे. 'सीलकन्या' अर्थाने चालेल, पण मला त्यात सीलबंद पाकीट दिसतं. 'सेल्की'च ठेवा.

मात्र हा शब्द आयरिश नाही, स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतला आहे. तिथल्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवर सेल्की म्हणजे साधा सील. आयरिश भाषेत सीलला 'रोन' म्हणतात. आयर्लंडातल्या अनेक कथांत बाई समुद्रकन्या असते आणि चोरीला जातो तो तिचा झगा किंवा टोपी. सीलशी नातं तिथेही आहेच. पश्चिम आयर्लंडातल्या कोनेमाराकडच्या कोनीली घराण्याचे पूर्वज सील होते अशी जुनी समजूत आहे. पण कादंबरीतल्या एखाद्या आयरिश बोलणाऱ्या आजीच्या तोंडी मूळ लेखिकेने 'सेल्की' घातलं नसेल, तर तुम्हीही घालू नका.

आता कात. साप कात टाकतो ती कायमची, मागे वळून बघत नाही. 'कात टाकणे' म्हणजे नवं रूप घेणे. इथे तर सगळा जीव त्या जुन्या कातडीत अडकलेला. 'चामडं' म्हटलं की कमावलेलं चामडं आणि चपलांचं दुकान. 'कातडं पांघरणे' म्हणताच वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव हजर, म्हणजे ढोंग आलं. सेल्की ढोंगी नाही, तिची दोन्ही रूपं खरी. म्हणून 'कातडी'च, पण क्रियापद सांभाळा. 'सोलली' तर नकोच, तो खाटीकखाना झाला. 'तिनं कातडी काढून खडकावर ठेवली' इतकं साधं लिहा. अंगावरचं लुगडं काढून ठेवावं तसं ते वाचलं जातं, आणि लपवणाऱ्याने नेमकं काय केलं हेही वाचकाला कळतं. प्रेमकथेच्या भरात त्याला 'खट्याळपणे' वगैरे जोडू नका; ती चोरीच आहे.

लिंगाची अडचण नाही. पुरुष सेल्कीही असतात. शेटलंडमध्ये नोंदलेल्या एका जुन्या गाण्यात तो आपलं मूल न्यायला येतो. 'तो सेल्की, ते सेल्की' हे हत्तीसारखं चालेल. स्त्रीलिंगी अनेकवचन मी 'सेल्क्या' करीन.