डॉक्टरताईंना विचारा : ट्यूब लावली की बरं, थांबवली की लालेलाल

प्रश्न : माझा मुलगा १६ महिन्यांचा आहे. श्रावण लागायच्या आधीपासून त्याच्या डायपरच्या जागी लाली आहे, ती जातच नाही. खोकल्यासाठी अँटिबायोटिक झालं, त्यात जुलाब लागले, तिथून हे सुरू झालं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. ती लावली की दोन दिवसांत छान होतं, बंद केली की पुन्हा. आता तर जांघेत लालबुंद आणि आजूबाजूला बारीक पुरळ. शी धुताना इतका रडतो की शेजारच्या काकू विचारून राहिल्या, काहून मारता लेकराला! सासूबाई म्हणतात डायपर फेका, हळद-खोबरेल लावा. पण मी ऑफिसला जाते, आणि या पावसात दुपटी वाळत नाहीत. डायपरचे ब्रँड बदलले, पावडर झाली, झिंकचं क्रीमही झालं. अजून अंगावर पितो. काय करू?
– एक आई, मनीषनगर, नागपूर

उत्तर : आधी ती ट्यूब उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, यातलं एखादं नाव सापडेल अशी माझी जवळजवळ खात्री आहे. सोबत एक बुरशीवरचं औषध आणि एक अँटिबायोटिक. सगळं एकाच ट्यूबमध्ये, म्हणजे रोग ओळखायची भानगडच नको. ही तिन्ही नावं स्टेरॉईडची. स्टेरॉईड लाली आणि खाज झटकन दाबतं, म्हणून दोन दिवसांत ‘छान’ दिसतं. पण कातडीची प्रतिकारशक्तीही तेच दाबतं, त्यामुळे बुरशी खाली आरामात पसरते. ट्यूब थांबली की ती वर येते, आधीपेक्षा जास्त.

डायपरच्या आत हे मलम आणखी वाईट. वरून प्लास्टिक, आत ऊब आणि ओल, त्यात लेकराची पातळ कातडी. औषध मोठ्या माणसाच्या हातावर मुरतं त्याच्या कितीतरी पट इथे मुरतं. कातडी पातळ होते, चट्टे पडतात, फार दिवस लावलं तर लालसर-तपकिरी गाठीही येतात. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. तो आपल्या गल्लीपर्यंत पोचला नाही, हे माझ्याकडे येणाऱ्या पिशव्या पाहून कळतं.

आता बाळाला उजेडात, खिडकीपाशी आडवं करा आणि जांघेची घडी हलकेच उघडून पाहा. साधी ओलीची लाली कुल्ल्यांच्या फुगीर भागावर, जिथे डायपर घासतो तिथे असते, घडीच्या तळाशी कातडी बरी दिसते. बुरशीचं उलट. ती घडीतच शिरते, रंग गडद लाल, कडा ठळक, आणि कडेच्या बाहेर सुटे-सुटे बारीक लाल ठिपके. तुमच्या पत्रातलं ‘जांघेत लालबुंद, आजूबाजूला पुरळ’ हे बुरशीचंच वर्णन आहे. कँडिडा नावाची ही बुरशी आतड्यात एरवीही थोडीफार असते. अँटिबायोटिकने तिला आवरणारे चांगले जंतू मेले, जुलाबाने कातडी सोलवटली, आणि तिला रान मोकळं मिळालं. म्हणूनच झिंकच्या क्रीमने काही झालं नाही. झिंक ओल अडवतं, बुरशी मारत नाही.

तर औषध असं : नुसतं क्लोट्रिमाझोल १ टक्का क्रीम, दुसरं काही न मिसळलेलं. सकाळ-संध्याकाळ पातळ थर, घडीच्या आतपर्यंत आणि ठिपक्यांच्याही थोडं पलीकडे. पाच मिनिटं मुरू द्या, मग त्यावर झिंक ऑक्साईडचं घट्ट मलम. हे मात्र भिंतीला पुट्टी मारतात तसं, खालची कातडी दिसता कामा नये. झिंक प्रत्येक डायपरला, क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदाच. फरक दोन-तीन दिवसांत दिसायला लागतो आणि इथेच सगळ्या आया थांबतात. लाली गेल्यावरही तीन-चार दिवस लावा, एकूण आठ-दहा दिवस होतील.

तुमची जुनी ट्यूब बरेच दिवस चालू-बंद होत राहिली आहे, तेव्हा ती घेऊनच एकदा आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ती थांबवल्यावर एक-दोन दिवस लाली उसळू शकते. घाबरून पुन्हा तीच ट्यूब पिळू नका.

धुताना रडतो त्याचं कारण ओली पुसणी आणि घासणं. उघड्या कातडीला वासाचे वाइप्स झोंबतात. मगात कोमट पाणी घ्या, वरून धार सोडा, साबण रोज एकदा, तोही सौम्य आणि आंघोळीलाच. पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतू नका. मऊ जुन्या सुती कापडाने टिपा, पुसू नका. शी निघाली पण झिंकचा पांढरा थर राहिला तर राहू द्या. तो खरवडून काढायच्या नादात निम्म्या आया नवीन जखम करतात. फारच मळला तर बोटभर खोबरेल तेल लावून सैल करा.

शी झाल्यावर मिनिटभरही वाट पाहू नका. नुसती सू थोडी थांबू शकते, सू आणि शी एकत्र नाही. शीतले जंतू सूमधून अमोनिया बनवतात, त्याने तिथली आम्लता कमी होते आणि शीतली पाचकद्रव्यं जोरात कामाला लागतात. पोटात अन्न पचवणारी ती, इथे कातडी पचवायला बसतात. दुपारी सांभाळणाऱ्या सासूबाईंना एवढी एक गोष्ट समजावा, बाकी सगळं आपोआप होईल.

आणि सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. उघडं ठेवणं हे औषधच आहे. जमिनीवर मेणकापड, त्यावर जुनी चादर, दिवसातून दोन-तीनदा अर्धा-अर्धा तास पोट्टं तसंच खेळू द्या. चादर भिजेल, भिजू द्या. पंखा लावा, कूलर नको. या दिवसांतल्या नागपुरात कूलर हवा गार कमी आणि दमट जास्त करतो. हळद मात्र सोललेल्या जागी नको, झोंबते, आणि पिवळ्या रंगात लाली किती उरली तेही कळत नाही. डायपर सरसकट फेकायचीही गरज नाही. ओल्या लंगोटापेक्षा चांगला डायपर कातडी जास्त कोरडी ठेवतो. ब्रँड बदलत बसू नका, एक माप मोठा घ्या, बिनवासाचा. कापडी वापरत असाल तर साबण दोनदा खळबळून काढा आणि दमट राहिलेल्या दुपट्यावरून इस्त्री फिरवा. पावडर बंद. ती घडीत गोळा होते आणि उडालेली नाकातोंडात जाते.

अंगावर पितो म्हणता, तर त्याच्या गालाच्या आतून आणि जिभेवर पाहा. पुसून न जाणारे पांढरे चट्टे असतील तर तीच बुरशी तोंडातही आहे. तुमच्या स्तनाग्रांना जळजळ किंवा दुखरेपणा असेल तर दोघांनीही एकाच वेळी डॉक्टरांना दाखवायचं, नाहीतर एकमेकांकडून परत घेत राहाल.

नीट औषध करून चार दिवसांत काहीच फरक नाही, ताप, पू, पाण्याचे फोड, किंवा फक्त शीच्या जागेभोवती आखल्यासारखं लाल वर्तुळ आणि शी करताना किंचाळणं, यातलं काहीही असेल तर घरी थांबू नका. त्या वर्तुळाला पोटात घ्यायचं औषध लागतं. तोंडाभोवतीही तसेच चट्टे, केस विरळ, जुलाब थांबतच नाहीत, असं असेल तर कधी कधी शरीरात झिंक कमी असतं. मग मेडिकलच्या, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातल्या, त्वचारोग विभागात दाखवा. कोपऱ्यावरच्या नव्हे, मेडिकल चौकातल्या!

प्रश्न : नातू सव्वा वर्षाचा आहे, चालायला लागला. पाय फेंगडे टाकतो. सून दिवसभर डायपर घालते, त्याने पाय वाकडे होतात ना?
– एक आजी, महाल, नागपूर

उत्तर : नाही आजी. या वयात सगळीच लेकरं पाय थोडे फेंगडे टाकतात. दोनच्या आसपास सरळ होतात, मग तीन-चार वर्षांचा झाल्यावर गुडघे एकमेकांना टेकायला लागतील आणि तुम्ही पुन्हा पत्र लिहाल. तेही सातव्या वर्षापर्यंत बहुतेकांचं जातं. एकच पाय जास्त वाकडा असेल, लंगडत असेल किंवा दोन वर्षांनंतरही वाक वाढत असेल, तर दाखवा. डायपरवरून सुनेशी भांडण असेलच, तर ते दुसऱ्या मुद्द्यावर करा.