34व्या वर्षी पाळी जायला लागते का? डॉक्टर 'टेन्शन घेऊ नका' म्हणतात, काय करू?

लागते. माझी लागली होती. तुम्ही लिहिलंय की सात महिन्यांत तीनच पाळ्या आल्या, रात्री घामानं जाग येते आणि पाळी आणायला 21 गोळ्यांचं पाकीट सुरू करायला सांगितलंय. ते पाकिटाचं वाचलं आणि लिहायला बसले.

मी कोल्हापूरची. 35व्या वर्षी मलाही तेच पाकीट मिळालं होतं. ते संपलं की चार दिवसांत पाळी यायची, डॉक्टर म्हणायचे "बघा, झाली की रेग्युलर", घरचे निर्धास्त. असं सव्वा वर्ष गेलं. गोळ्या थांबल्यावर येतो तो रक्तस्राव गोळ्यांचा असतो, अंडाशय काम करतंय असा त्याचा अर्थ नाही, हे मला कुणी सांगितलंच नाही. रक्त एकदाही तपासलं नाही.

मग मळमळतंय म्हणून मी दोन महिने गोळ्या बंद केल्या. मंगळवार पेठेत मावशीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका शाली पांघरून बसलेल्या आणि मला छातीतून वर अशी वाफ आली की काळ्या साडीवरचा ब्लाउज पाठीला चिकटला. तिळगुळाचं ताट धरलेले हात ओले झाले. मावशी पंख्याचं बटण दाबत सहज बोलून गेली, "अगं, आक्काचं पण असंच झालतं. सदतिसाव्या वर्षीच गेली की तिची."

आक्का म्हणजे माझी आई. ती शेजारीच बसली होती. तिनं मावशीकडे असं बघितलं की मावशी गप्पच झाली.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला: आईची पाळी कधी गेली? मग रक्ताच्या तपासण्या सांगितल्या: एफएसएच (अंडाशयाला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, अंडाशय थकलं की ते वाढतं), एस्ट्रॅडिओल (अंडाशयाचं हार्मोन), थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन). एफएसएच 61 आलं, महिन्यानं परत केलं तर 58. चाळिशीच्या आत चार महिने पाळी बिघडलेली आणि एफएसएच 25च्या वर असेल तर हा आजार धरतात. प्रीमॅच्युअर ओव्हेरियन इनसफिशियन्सी म्हणतात त्याला, म्हणजे अंडाशय वेळेआधीच थकणं. गोळ्या चालू असताना एफएसएच दबलेलं येतं, म्हणून तपासणी आधी, पाकीट नंतर. पाळी येत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त द्या. नुसत्या एएमएचवर (अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी तपासणी) निदान होत नाही. "तपासणीची गरज नाही" म्हणणारा डॉक्टर सरळ बदला.

अंडाशयाचं हार्मोन कमी पडलं की हाडं विरळ होतात, म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही करा. माझ्या कमरेची हाडं आधीच विरळ निघाली. उपचार म्हणून हार्मोन सुरू केल्यावर जावेनं कॅन्सरची भीती घातली. ती भीती 2002 सालच्या ज्या अमेरिकन अभ्यासातून पसरली, त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. आपल्या वयात शरीराला जे मिळायला हवं होतं तेच परत देतात, साधारण पन्नाशीपर्यंत.

आई अजून म्हणते, "सांगून काय झालं असतं? असलं काय बोलत बसायचं असतंय होय?" सव्वा वर्ष वाचलं असतं, आई. मी पहिल्याच दिवशी त्या डॉक्टरांना सांगितलं असतं, आणि आईची इतक्या लवकर गेली हे ऐकून तरी त्यांनी रक्त तपासलं असतं. पाळीच्या दिवसात लोणच्याला शिवू नको हे सांगायला तिला लाज वाटली नाही. धाकटी बहीण 31ची आहे, तिला मीच सगळं सांगितलं. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. चालेल मला. तुम्ही आजच आईला, मावश्यांना वय विचारा.

पाळी पुढेमागे होण्यामागे थायरॉइड, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी लांबते तो त्रास), क्वचित दुसरंही काही असतं, तेव्हा माझं वाचून स्वतःच ठरवू नका. आधी गरोदरपणाची तपासणी करा. आणि निदान झालं तरी अंडाशय मधूनच काम करतं, दिवस राहू शकतात. मूल हवं असो वा नको, हे डॉक्टरांशी स्पष्ट बोला. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील तर हार्मोनचं गणित वेगळं, तेही त्यांना आधीच सांगा.