चौदा नावं आणि साठ डॉलर

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला वेस्टबरोत राहतो. मुलगी तिसरीत आहे, मुलगा यंदाच किंडरगार्टनला जायला लागला. ऑक्टोबरात नवऱ्याची नोकरी गेली. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर नोकरी गेली की मिळणाऱ्या ६० दिवसांच्या आत दुसरी मिळाली हे आमचं नशीब, पण पगार बराच कमी आहे. मी एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, कामाचं परमिट अजून हातात नाही. तिकडे पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता चालूच आहे.

आता डिसेंबर आला आणि मुलीच्या वर्गाच्या रूम पॅरेंटची, म्हणजे वर्गाची कामं बघणाऱ्या पालक-बाईंची, ईमेल आली : बाईंना नाताळची भेटवस्तू देण्यासाठी वर्गणी, ‘सजेस्टेड’ ३० डॉलर, वेन्मो या पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर पाठवा. मुलाच्या वर्गाचीही तशीच येईल. मी बसून यादी केली तर चौदा नावं झाली. दोन वर्गशिक्षिका, मुलाच्या वर्गातली पॅरा (शिक्षिकेची मदतनीस), त्याची स्पीच थेरपिस्ट, आर्ट, म्युझिक, जिम आणि लायब्ररीचे शिक्षक, बस ड्रायव्हर, ऑफिसातली सेक्रेटरी, नर्स, कॅफेटेरियातल्या बाई, साफसफाई बघणारा कस्टोडियन आणि प्रिन्सिपल. पोस्टमन वेगळाच. माझ्याकडे यासाठी फार तर ६० डॉलर आहेत.

नवरा म्हणतो, घरचा चिवडा आणि लाडू दे बांधून. सासूबाई फोनवर म्हणाल्या, आपला सण नाही, कशाला त्या भानगडीत पडतेस? माझ्या मनात मात्र एकच भीती आहे. मुलगा अजून नीट बोलत नाही. थेरपिस्ट बाई त्याच्यावर खूप मेहनत घेतात. काही दिलं नाही तर त्याच्याकडे दुर्लक्ष होईल का? की या देशात हे द्यावंच लागतं?
— एक आई

उत्तर : द्यावं लागत नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

मी याच राज्यातल्या एका सरकारी शाळेत अनेक वर्षं पॅरा होते. म्हणजे तुमच्या यादीतलं तिसरं नाव. वर्गात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काय येतं, किती येतं आणि त्याचं पुढे काय होतं, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं आहे. वीसेक मुलांच्या वर्गातून निम्मी पाकिटंसुद्धा येत नाहीत. कुणाची आली नाहीत याची नोंद कुणी ठेवत नाही. खरं सांगायचं तर कुणाची आली याचीही नीट ठेवत नाहीत, कारण त्या आठवड्यात मुलं अशी काही उधळलेली असतात की दिवस पार पडला तरी गंगेत घोडं न्हालं.

आता तुमची भीती. तुमच्या मुलाला शाळेत स्पीच थेरपी मिळते ती त्या बाईंच्या मेहेरबानीने नाही. १९७५ साली या देशात विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा जो कायदा झाला, ज्याला पुढे आयडीईए हे नाव मिळालं, त्यातून आलेला तो मुलाचा हक्क आहे, आणि तो फुकट आहे. त्याच्या आयईपीत, म्हणजे शाळेने त्याच्यासाठी लेखी आखलेल्या योजनेत, आठवड्याला जेवढी मिनिटं लिहिली आहेत तेवढी शाळेला द्यावीच लागतात. तुम्ही हिऱ्याची कुडी दिलीत तरी मिनिटं वाढणार नाहीत आणि काहीच दिलं नाहीत तरी कमी होणार नाहीत. मिनिटं बुडत आहेत असं कधी वाटलं तर मीटिंग मागा, ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. आपल्याकडच्या आया शाळेपुढे जरा जास्तच वाकतात, असं माझं स्पष्ट मत आहे. बाईंचं कौतुक वाटतं म्हणून द्या, धाक वाटतो म्हणून देऊ नका.

त्या रूम पॅरेंटच्या ईमेलबद्दल मला बरंच बोलायचं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी शाळेतले शिक्षक हे सरकारी नोकर, आणि त्यांनी कुणा एकाकडून ५० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची भेट घ्यायची नाही असा राज्याचा नियम आहे. सगळ्या वर्गाने मिळून दिलेल्या भेटीला सूट आहे, ती १५० डॉलरपर्यंत. पण तिला अट आहे : कुणी पैसे दिले आणि किती दिले, हे शिक्षकांना कळता कामा नये. आता तुम्हीच हिशेब करा. वीस मुलं, प्रत्येकी ३० डॉलर, म्हणजे ६००. दीडशेच्या मर्यादेत ६०० बसवायचे कसे? कदाचित उरलेल्या पैशांतून पॅराला, आर्ट-म्युझिकच्या शिक्षकांना, वर्गाच्या सामानाला काही द्यायचं त्यांच्या मनात असेल. कदाचित त्यांना नियमच ठाऊक नसेल, बहुतेक रूम पॅरेंटना नसतो, त्याही बिचाऱ्या नोकरी सांभाळून हे करतात. तुम्ही एक साधी ओळ लिहून विचारा : यात पॅरा धरली आहे का, आणि उरलेल्या रकमेचं काय करायचं ठरलंय? विचारण्यात काही वावगं नाही. उलट तुमच्यासारख्याच आणखी चारजणींना हायसं वाटेल.

‘सजेस्टेड’ म्हणजे त्यांनी सुचवलं, एवढंच. तुम्ही १० पाठवा. ५ पाठवलेत तरी चालतं. शिक्षिकेच्या हातात जे कार्ड जाईल त्यावर ‘वर्गातली सगळी मुलं’ असंच लिहिलेलं असायला हवं, त्यात तुमचे १० आणि शेजारणीचे ३० एकच. रूम पॅरेंटला मात्र आकडा कळतो, ते टळत नाही. त्यातून तिने मनात काही धरलं तर धरू दे. आणि वेन्मोवर पाठवताना तो व्यवहार ‘प्रायव्हेट’ करा. नाहीतर रक्कम दिसली नाही तरी कुणी कुणाला कशासाठी पाठवले हे भलत्यांना दिसतं.

चिवड्याचं. तुमच्या यजमानांचा हेतू चांगला आहे, पण शाळेत नको. चिवड्यात शेंगदाणे, लाडवात काजू-बेदाणे. तुमच्या मुलाच्या वर्गाच्या दारावर ‘नट फ्री’ची पाटी आहे का बघा, बहुधा असेल. शिवाय अनोळखी स्वयंपाकघरातलं खाणं बरेच शिक्षक खात नाहीत. तोंडावर ‘ओह, हाऊ लव्हली’ म्हणतात, आणि संध्याकाळी कस्टोडियनच्या कचऱ्याच्या पिशवीत मी घरच्या कुकीजचे आख्खे डबे गेलेले पाहिलेत. तुपात भाजलेल्या बेसनाची ती गत व्हावी हे मला बघवणार नाही. शेजारी नेऊन द्या, ते वाट बघत असतील.

मग काय द्यायचं आणि कुणाला? मी तुमच्या जागी असते तर यादीला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली असती. वर्गशिक्षिकेला सगळेच देतात. कॉफीचे मग, मेणबत्त्या, हँड क्रीम यांचा ढीग होतो, बायका जानेवारीत ते आपापसांत बदलून घेतात. ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते म्हणजे पॅरा आणि बस ड्रायव्हर.

पॅराला पगार तासावर असतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत तोही नसतो. आणि इथल्या हिवाळ्यात किंडरगार्टनची पॅरा काय करते सांगू? रीसेसला, म्हणजे मधल्या सुट्टीत, बाहेर जायचं तर वीस मुलांना स्नोपँट, मग बूट, मग जॅकेट, मग टोपी, मग हातमोजे, याच क्रमाने घालायचे. हातमोजे आधी घातले की झिप लागत नाही. सगळं झालं की एकाला बाथरूमला जायचं असतं. वीस मिनिटं बाहेर, परत आत, आणि ते सगळं उलट क्रमाने. ओल्या मोज्यांचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. एका मुलाने मला एकदा कार्ड दिलं होतं. वहीचं पान दुमडलेलं, त्यावर एक मोठा बूट काढलेला आणि खाली त्याच्या तिरक्या अक्षरात : ‘यू पुल हार्ड.’ म्हणजे मी त्याचा बूट जोर लावून ओढते. गिफ्ट कार्डं कॉफीत संपली, ते पान माझ्याकडे आहे. कार्डावर ‘थँक यू फॉर एव्हरीथिंग’ लिहू नका. मुलाला विचारा, ती बाई तुझ्यासाठी काय करते? तो जे सांगेल तेच लिहा. बोलायला अडखळत असेल तर चित्र काढू द्या, खाली तुम्ही एक ओळ टाका.

तर ६० डॉलरांचं असं करा. दोन्ही वर्गांच्या वर्गणीला दहा-दहा. पॅराला डंकिन या कॉफीच्या दुकानाचं १० डॉलरचं गिफ्ट कार्ड. ही कंपनी इथल्याच क्विन्सी गावची, त्यामुळे या राज्यात त्यांचं दुकान लागत नाही असा रस्ता सापडायचा नाही. मुलं सकाळ-दुपार एकाच बसने जात असतील आणि ड्रायव्हर एकच असेल तर त्यालाही तसंच १० चं. बर्फात, अंधारात, पहाटे उठून तो गाडी गरम करतो. बऱ्याच गावांत बस कंत्राटदाराच्या असतात आणि त्यांचे नियम निराळे असू शकतात, म्हणून एकदा शाळेच्या ऑफिसात विचारून घ्या. झाले ४०.

आर्ट, म्युझिक, जिम, लायब्ररी, नर्स, सेक्रेटरी, कॅफेटेरियाच्या बाई, कस्टोडियन या आठ जणांना वेगवेगळं काही देऊ नका. क्लेमेंटाइन संत्र्यांची एक पेटी घ्या. डिसेंबरात ती सगळीकडे मिळते, ७-८ डॉलर पडतात. ‘स्टाफ रूमसाठी, अमुक कुटुंबाकडून’ अशी चिठ्ठी लावून ती ऑफिसात ठेवून या. सोललं की तोंडात टाकता येतं, पाकीटबंद गोड खाऊन सगळे कंटाळलेले असतात, आणि कुणाच्या स्वयंपाकघराचा प्रश्न येत नाही. संक्रांतीला वाण कसं येईल तिला एकच, लहानसं, असं देतो, तसंच हे. प्रिन्सिपलना काही देण्याचं कारण नाही.

उरल्या थेरपिस्ट बाई. त्यांना पैशाचं काही देऊ नका, पत्र द्या, आणि ते नीट वेळ काढून लिहा. सप्टेंबरात मुलगा काय बोलत होता आणि आता काय बोलतो, हे उदाहरणासकट. ‘पाणी’साठी बोट दाखवायचा, आता ‘वॉटर प्लीज’ म्हणतो, असं जे खरं असेल ते. त्याची एक प्रत प्रिन्सिपलना आणि एक स्पेशल एज्युकेशनच्या डायरेक्टरना ईमेलने पाठवा. असं पत्र वरिष्ठांच्या नजरेला पडणं हे त्यांच्या नोकरीत मगपेक्षा कितीतरी कामाचं असतं, आणि फार थोडे पालक ते करतात. इंग्रजीच्या चुका होतील म्हणून अडून बसू नका. आमच्या ऑफिसात जी पत्रं हातोहात फिरली त्यांतलं व्याकरण बघून तुम्हाला धीर आला असता.

म्हणजे खर्च ४८ च्या आसपास. उरलेले बारा डॉलर तसेच राहू द्या, त्यात आणखी कुणाचं नाव घुसवू नका.

आणि हे यंदा जमलंच नाही, तर मे महिना आहे. मेच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात इथे ‘टीचर अ‍ॅप्रिसिएशन वीक’ असतो. तोवर तुमचं परमिटही आलं असेल. फेब्रुवारीतसुद्धा टिश्यूचे दोन डबे आणि पेन्सिलींचं एक पाकीट वर्गासाठी पाठवलंत तर बाई मनापासून दुवा देतील. इथले शिक्षक वर्गाचं सामान स्वतःच्या खिशातून आणतात. आयकर खातंसुद्धा त्यासाठी दरवर्षी वजावट देतं, यावरून काय ते समजा.

सासूबाईंना सांगा, त्यांचं अर्धं बरोबर आहे. सण आपला नाही, आणि शाळेतल्या सगळ्यांचाही नाही. आमच्या शाळेत ज्यू शिक्षिका होत्या, एक मुस्लिम नर्स होती. म्हणून कार्डावर सांताक्लॉज नको, बर्फ किंवा पक्षी चालेल, आणि ‘हॅपी हॉलिडेज’ पुरे. पण दिवाळीला पोस्त द्यायची पद्धत त्यांच्याही घरात असेलच की. कामवाल्या बाई कुठल्या धर्माच्या आहेत हे विचारून ती कुणी देत नाही.

शेवटच्या दिवसावर ठेवू नका. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी बर्फ पडून शाळा बंद झाली की कार्डं जानेवारीपर्यंत दप्तरात राहतात, आणि किंडरगार्टनच्या दप्तरात जानेवारीपर्यंत काय काय होतं ते मी लिहीत नाही. सोमवार-मंगळवारी पाठवा. बस ड्रायव्हरचं पाकीट मुलांच्या हाती देऊ नका, स्टॉपवर स्वतः द्या.

पोस्टमनचं मात्र वेगळं आहे. तो केंद्र सरकारचा नोकर. त्याला रोख पैसे घ्यायची परवानगी नाही, एक डॉलरसुद्धा नाही. रोखीसारखं कुठेही चालणारं व्हिसा कंपनीचं गिफ्ट कार्डही नाही. एका वेळी २० डॉलरपर्यंतची वस्तू तो घेऊ शकतो, आणि एका घराकडून वर्षभरात ५० च्या वर नाही. थंडीत पत्रपेटीपाशी गरम कॉफीचा कप चालतो. बंद पाकिटातला दुकानचा खाऊही चालतो. बाकरवडीचं एक पाकीट ठेवून बघा, वर ‘स्पायसी’ असं लिहायला विसरू नका.