१०० चा प्लॅन असूनही रात्री पिंग ३०० का जातं? आधी कुठे अडकतंय ते शोधा

तुमचा प्रश्न नीट वाचला. नाशिकला दोन बेडरूमचा फ्लॅट, १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन, राउटर हॉलमध्ये टीव्ही युनिटच्या मागे, आतल्या खोलीत मोबाइलवर स्पीड १५-२० च्या वर जात नाही, आणि रात्री नऊनंतर मुलाच्या गेममध्ये पिंग २५ वरून थेट ३०० वर जातं, तुमची ऑफिसची मीटिंगही तेव्हाच अडखळते. केबलवाले म्हणतायत २०० चा प्लॅन घ्या, दुकानदार म्हणतोय गेमिंग राउटर घ्या. माझं ऐकाल तर आत्ता दोन्हीवर एक रुपया घालू नका.

कारण या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. स्पीड म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो, पिंग म्हणजे एक छोटं पॅकेट (डेटाचा तुकडा) जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात. मोबाइलवरच्या गेमला खेळताना १ एमबीपीएससुद्धा लागत नाही, ग्रुप व्हिडिओ मीटिंगला चांगल्या क्वालिटीत ३-४ लागतात, म्हणजे तुमच्याकडे आत्ताच गरजेच्या कितीतरी पट जास्त आहे. २०० चा घेतलात तर मोठी फाइल लवकर उतरेल, पिंग आहे तिथेच राहील. आणि हो, १०० एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोड मॅनेजर जास्तीत जास्त १२ एमबीच्या आसपास दाखवणार, कारण प्लॅन बिटमध्ये विकतात आणि फाइल बाइटमध्ये मोजतात, ८ ने भागायचं. तो आकडा बघून कुणी फसवलं असं समजू नका.

आता कुठे अडकतंय ते शोधायचं. पॅकेटच्या रस्त्याचे तुमच्यापुरते तीन टप्पे धरा: तुमच्या डिव्हाइसपासून राउटरपर्यंत, राउटरपासून केबलवाल्यांच्या पहिल्या मशीनपर्यंत, आणि तिथून पुढे बाहेरच्या जगात. लॅपटॉपवर तीन कमांड विंडो उघडा. पहिलीत राउटरला पिंग लावा, पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असेल, राउटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. दुसरीत केबलवाल्यांच्या पहिल्या मशीनला, तो पत्ता ट्रेसरूट (पॅकेट कुठल्या कुठल्या मशीनमधून जातं ते ओळीने दाखवणारी कमांड) चालवलात की दुसऱ्या ओळीत मिळतो (ओएनटी, म्हणजे बाहेरून आलेली फायबर जिथे लागते तो डबा, आणि राउटर वेगवेगळे असतील तर कधीकधी तिसऱ्या ओळीत). तिसरीत १.१.१.१ किंवा ८.८.८.८, हे क्लाउडफ्लेअर आणि गूगलचे सगळ्यांसाठी खुले सर्व्हर. विंडोजमध्ये पिंगच्या पुढे डॅश टी लावलं की आपण थांबवेपर्यंत ते चालू राहतं. मुलगा गेम खेळत असताना रात्री साडेनऊला हे तिन्ही शेजारी शेजारी चालू ठेवा आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसा, सकाळी सहाला करून काही उपयोग नाही कारण तेव्हा सगळंच छान चालतं.

आकडे वाचायचे असे. राउटरचं पिंगच जर १, २, १, ४७, ११२, ३, १, ८८ असं नाचत असेल तर दोष घरातल्या वायफायचा, बाहेर कुणाला फोन करायची गरजच नाही. राउटर १-२ वर स्थिर आहे आणि दुसऱ्या विंडोत ५ चे १५० होतायत तर गडबड फायबर, केबलवाल्यांची लाइन किंवा तुमच्याच घरातून भरून जाणारा अपलोड यांत आहे. पहिल्या दोन्ही स्थिर आणि फक्त तिसरी वाढतेय तर अडचण त्यांच्या पुढच्या लिंकमध्ये. ही चाचणी आधी वायफायवर करा, मग राउटरला लॅनची केबल लावून पुन्हा करा. या दोन निकालांत फरक किती पडतो तिथेच बहुतेक उत्तर सापडतं, आणि माझ्या अनुभवात घरगुती तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात.

तुमच्या वर्णनावरून आतल्या खोलीतला स्पीड हा जवळजवळ नक्की वायफायचाच प्रश्न आहे. टीव्हीच्या मागे राउटर ही सगळ्यात वाईट जागा, पुढे टीव्हीचा अख्खा धातूचा पत्रा, बाजूला सेट टॉप बॉक्स, आणि आतल्या खोलीपर्यंत जायला मध्ये एक-दोन भिंती, त्यात लोखंडी कपाट किंवा ड्रेसिंग टेबलचा आरसा आला की संपलंच. वायफायचे दोन पट्टे असतात, मोबाइल मग वेगवान पण कमी पोचणारा ५ गिगाहर्ट्झ सोडून लांब पोचणाऱ्या २.४ वर जातो. त्या २.४ वर एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि सोसायटीत वीस राउटर तेवढ्यातच कोंबलेले असतात. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. रात्री सगळे घरी आले की सगळ्यांचे राउटर एकाच वेळी बोलायला लागतात म्हणून रात्रीच त्रास जास्त वाटतो आणि आपण केबलवाल्यांना दोष देत बसतो.

अजून एक गोष्ट आहे जी सहसा कुणी सांगत नाही. वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. आतल्या खोलीत कमजोर सिग्नलवर असलेला मोबाइल तेवढाच डेटा पाठवायला कितीतरी जास्त वेळ चॅनेल अडवून धरतो आणि तेवढा वेळ हॉलमध्ये राउटरसमोर बसलेल्या मुलालाही थांबावं लागतं. म्हणजे खराब सिग्नलचा एक फोन सगळ्या घराचं पिंग वाढवू शकतो. त्यामुळे राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला किंवा थोडा वर, उघड्यावर ठेवा, पॅसेजच्या तोंडाशी मिळाला तर उत्तम. फायबर तिथपर्यंत पोचत नसेल तर ओएनटी आहे तिथेच राहू द्या आणि लॅन केबल टाकून राउटर पुढे न्या. सेटिंगमध्ये २.४ ला २० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवा, ४० केलं की शेजाऱ्यांचा गोंगाट दुप्पट आत येतो. चॅनेल १, ६, ११ पैकी जो मोकळा दिसेल तो, वायफाय ॲनालायझरचं कुठलंही फुकट ॲप चालेल. ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं द्या म्हणजे कोण कशावर आहे ते कळतं. टीव्ही, मुलाचा पीसी, ऑफिसचा लॅपटॉप, जे जागचं हलत नाही त्याला केबल. लटकणारी केबल घरच्यांना आवडत नाही मला माहितीय, पण पट्टीत घालून भिंतीच्या कडेने नेली की दिसत नाही.

केबलवरून एक आठवलं. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात, गिगाबिटला आठही लागतात. घाईत टोकाची क्लिप दाबून बसवलेल्या केबलमध्ये, किंवा पावसात गच्चीवरून आलेल्या जुन्या केबलमध्ये, एखादी तार पकडत नाही आणि लिंक गुपचूप १०० वर येते, आणि त्यावर स्पीडटेस्ट ९४-९५ ला अडकते. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसतो की १०००/१००० ते बघा. हे तुम्हाला का सांगतोय, तर केबलवाल्यांनी लावलेल्या स्वस्त ओएनटीला बऱ्याचदा १०० चाच पोर्ट असतो आणि वायफाय फक्त २.४ वालं असतं. तसं असेल तर २०० च्या प्लॅनचे पैसे दर महिन्याला जातील आणि वरचे १०० तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत. प्लॅन वाढवायच्या आधी ओएनटीचं मॉडेल बघून पोर्ट किती क्षमतेचा आहे ते त्यांना विचाराच.

आता मीटिंग आणि गेम एकदमच का अडकतात. रात्री घरी आल्यावर सगळ्यांचे फोन वायफाय धरतात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात, लॅपटॉप वनड्राइव्हवर फोल्डर ढकलत असतो, दारावरचा कॅमेरा चोवीस तास अपलोड करतोच. अपलोड भरला की राउटर किंवा ओएनटी जास्तीची पॅकेटं टाकून देत नाही, रांगेत उभी करतो, आणि ती रांग शेकडो मिलिसेकंदांची होते. गेमचं इवलंसं पॅकेट मग खंबाटकी घाटात ट्रकांच्या मागे अडकलेल्या बाइकसारखं त्याच रांगेत उभं. याला बफरब्लोट म्हणतात, आणि साधी स्पीडटेस्ट यात एकदम मस्त आकडे दाखवते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

तपासायला सोपं आहे. लॅपटॉप केबलवर, १.१.१.१ ला पिंग चालू, आणि दुसऱ्या डिव्हाइसवरून स्पीडटेस्ट लावा. टेस्ट डाउनलोडला असताना पिंग किती आणि अपलोडला असताना किती ते लिहून ठेवा. ८ चं १५-२० झालं तर काळजी नको, ८ चं २५० झालं तर मुलाचा ३०० चा आकडा कुठून येतो ते सापडलं. फास्ट डॉट कॉमवर टेस्ट संपल्यावर जास्तीची माहिती उघडलीत तर लोड नसतानाची आणि लोड असतानाची लेटन्सी (म्हणजे पिंगच) वेगवेगळी दिसते, क्लाउडफ्लेअरच्या टेस्टमध्येही दिसते.

यावर फुकटचा उपाय आधी: फोटो बॅकअप रात्री झोपताना, वनड्राइव्हला अपलोडची मर्यादा, कॅमेऱ्याची क्वालिटी एक पायरी खाली. एवढ्याने भागत नसेल तर मग राउटर बदलायचा विचार करा, पण एलईडी आणि आठ अँटेना बघून नाही, त्यात एसक्यूएम आहे का ते बघून, म्हणजे एफक्यू-कोडेल किंवा केक हे रांग सांभाळणारे प्रकार. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं फुकटचं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या राउटरवर ते मिळतात. खऱ्या मोजलेल्या स्पीडच्या ९० टक्क्यांच्या आसपास मर्यादा घालायची, म्हणजे तुमच्याकडे ९४ येत असेल तर ८५. वरचे नऊ-दहा एमबीपीएस सोडले की घरात कुणी काहीही चढवत असलं तरी गेम आणि मीटिंग सुरळीत चालतात, हा सौदा मी डोळे झाकून करेन. खूप स्वस्त राउटरचा प्रोसेसर एसक्यूएम लावल्यावर १०० पण झेपवत नाही, तेवढं घेताना विचारा.

फायबरची बाजू थोडक्यात. ओएनटीच्या पेजवर आरएक्स पॉवर किंवा ऑप्टिकल पॉवर असा आकडा असतो, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद. उणे १५ ते उणे २४ छान, उणे २७ च्या पलीकडे गेला की पॅकेट पडायला लागतात आणि पावसात लाल दिवा लागतो. टीव्ही युनिटमागे फायबर कुठे करकचून दुमडली नाहीये ना बघा, आणि हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्या सॉकेटमध्ये घुसवलेला नाही ना तेही, दोघांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात आणि तिथे सिग्नल मार खातो. काढलेल्या फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका, त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही पण असतो.

हे सगळं ठीक असूनही केबलवर रात्रीच दुसरी किंवा तिसरी विंडो चढत असेल तर मग केबलवाल्यांचा दोष. गल्लीतले ऑपरेटर बऱ्याच ठिकाणी ईपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) वापरतात, एका पोर्टची साधारण १ गिगाबिट क्षमता ३२-६४ घरांत वाटलेली, आणि त्यापुढे त्यांनी वरून घेतलेली लिंक अजूनच तोकडी असू शकते. त्यांचा माणूस स्पीडटेस्ट करून ९५ दाखवेल, पण तो सर्व्हर बहुतेक त्यांच्याच नेटवर्कमध्ये असतो, टेस्ट करताना मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडायला सांगा. विनएमटीआर (ट्रेसरूटच्या प्रत्येक ओळीला सतत पिंग करणारा प्रोग्राम) अर्धा तास चालवून स्क्रीनशॉट घ्या, एक रात्री साडेनऊचा आणि एक सकाळी सहाचा. त्यात मधल्याच एखाद्या ओळीत ४० टक्के लॉस (पॅकेट हरवणं) आणि पुढच्या सगळ्या ओळी शून्य असं दिसलं तर घाबरू नका, ते मशीन फक्त पिंगला उत्तर द्यायचा कंटाळा करतंय. एखाद्या ओळीपासून वाढलेला आकडा शेवटपर्यंत तसाच राहत असेल तरच तो खरा.

गेमचा सर्व्हर कुठे आहे तेही बघा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. नाशिक-मुंबईला त्यामुळे २-३ च्या खाली काही शक्य नाही आणि ५-१० एकदम झकास. सिंगापूर मुंबईहून सरळ रेषेत ३९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ४० तर निव्वळ अंतराचेच, प्रत्यक्षात ६० च्या पुढे. मुलाचा गेम मुंबई सोडून सिंगापूरच्या सर्व्हरला जोडत असेल तर आधी रीजन बदला. ऑफिसचा व्हीपीएन (कंपनीच्या सर्व्हरमधून जाणारा खाजगी रस्ता) युरोपात असेल तर तिथे शंभराच्या वर राहणारच, आणि लाल समुद्रातल्या केबल तुटल्या की, जशा फेब्रुवारी २०२४ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तुटल्या, ते अजून चढतं, त्यात तुमचा केबलवाला काही करू शकत नाही. डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलल्याने वेबसाइट उघडायला किंचित कमी वेळ लागेल, गेममधलं पिंग हलणार नाही. पिंग कमी करणारी पैसेवाली ॲप म्हणजे रस्ता बदलणारा व्हीपीएन, ऑपरेटरचा रस्ताच वाकडा असेल तर त्याचा फायदा होतो, रांग घरातच लागत असेल तर शून्य.

तक्रार फोनवर तोंडी करू नका, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या आणि स्क्रीनशॉट ईमेलने पाठवा. त्यावर समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे अपील करता येतं, ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०१२ च्या नियमांत ही दोन पायऱ्यांची सोय आहे, ट्राय स्वतः एकेकाची तक्रार सोडवत नाही. आणि कनेक्शन बदलायचंच ठरलं तर वर्षाचं पॅकेज एकदम भरू नका, आधी त्याच बिल्डिंगमध्ये त्या कंपनीचं नेट ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे रात्री साडेनऊला जाऊन लॅपटॉपला केबल लावून दहा मिनिटं पिंग बघून या, आणि तरीही पहिला महिना मासिक प्लॅनच घ्या.