हिपॅटायटीस बी : नव्या औषधाच्या चाचणीत जाण्यापूर्वी

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला हिपॅटायटीस बी आहे. तो रोज टेनोफोव्हिरची गोळी घेतो आणि आता रक्तात विषाणू सापडत नाही. तरीही गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागेल असे डॉक्टर सांगतात. हा आजार मुळातून बरा करणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत असे वाचले. एका परिचिताने वीस हजार रुपये नोंदणी शुल्क भरल्यास अशा चाचणीत नाव घालून देण्याचे कबूल केले आहे. भावाने जावे का? खरी चाचणी शोधायची कशी?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : त्या परिचिताला एक रुपयाही देऊ नका. रीतसर चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून नोंदणी शुल्क घेतले जात नाही. चाचणीतले औषध आणि त्यासाठीच्या तपासण्या यांचा खर्च चाचणी करणाऱ्यांनी उचलायचा असतो आणि बऱ्याच ठिकाणी प्रवासखर्चही दिला जातो.

दुसरी गोष्ट तितकीच तातडीची आहे. चाचणीत घेतील या आशेने भावाने टेनोफोव्हिर स्वतःहून बंद करू नये. ही गोळी विषाणूची वाढ रोखते, पण यकृताच्या पेशींच्या केंद्रकात दडून बसलेला त्याचा जनुकीय साठा तिला नष्ट करता येत नाही. म्हणून गोळी एकाएकी थांबवली की विषाणू उसळू शकतो आणि यकृताला गंभीर, प्रसंगी जिवावर बेतणारी सूज येऊ शकते.

नवी औषधे या अडचणीवरच काम करत आहेत. उपचार थांबवल्यावरही किमान २४ आठवडे रक्तात विषाणू आणि त्याचा सरफेस अँटिजेन (विषाणूच्या बाह्य आवरणातले प्रथिन), म्हणजे एचबीएसएजी, सापडू नये हे त्यांचे उद्दिष्ट आहे. बेपिरोव्हिरसेन या इंजेक्शनाच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा २४ आठवडे दर आठवड्याला औषध घेतलेल्यांपैकी सुमारे दहांतील एकाला हे साधले, आणि ज्यांच्यात अँटिजेनचे प्रमाण आधीच कमी होते त्यांच्यात यश अधिक दिसले. इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेनंतर हे पाऊल मला फार मोलाचे वाटते, पण दहांतील नऊ जण तिथवर पोहोचले नाहीत हेही भावाला स्पष्ट सांगावे. चाचणी ही औषध चालते का आणि ते सुरक्षित आहे का हे शोधण्यासाठी असते. त्यातून आपल्याला लाभ होईलच असे गृहीत धरून कोणी सही करू नये.

शोध घरबसल्या घेता येतो. भारतातील औषधचाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’, म्हणजे सीटीआरआय, या सरकारी नोंदवहीत २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. आजाराचे नाव इंग्रजीत टाकून शोधा. आयुर्वेदिक औषधांचे आणि केवळ निरीक्षणाचे अभ्यासही तिथे असतात, तेव्हा अभ्यासाचा प्रकार आणि टप्पा आधी पाहा; मग भरती चालू आहे का, केंद्र कोणत्या शहरात आहे आणि कोणते रुग्ण घेतले वा वगळले जातात ते वाचा. सिरॉसिस (यकृतावर व्रण साचून ते कडक होणे) असलेले किंवा सोबत एचआयव्ही, हिपॅटायटीस सी अथवा डी असलेले रुग्ण अनेक चाचण्यांत घेत नाहीत. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. म्हणून परिचिताकडे त्या चाचणीचा सीटीआरआय क्रमांक मागा. क्रमांक मिळाला नाही, तर तो विषय तिथेच संपवा.

चाचणी सापडली, तर भावाच्या नेहमीच्या यकृततज्ज्ञांचे मत घ्या आणि मगच केंद्राशी संपर्क साधा. माहितीपत्रक भावाला समजेल अशा भाषेत असले पाहिजे. ते घरी आणून सर्वांनी वाचावे; ‘आजच सही करा’ असा आग्रह झाला तर उठून यावे. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि मध्येच बाहेर पडावेसे वाटले तर कारण न देता पडता येते. मात्र तेव्हा नेहमीचे उपचार कसे चालू ठेवायचे हे डॉक्टरांशी ठरवूनच. औषधचाचण्यांबाबतच्या २०१९ च्या सरकारी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे. चाचणीला मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिटीचा (रुग्णांचे हक्क व सुरक्षितता पाहणाऱ्या समितीचा) संपर्क पत्रकावर असतो. तक्रार तिच्याकडे करता येते.

औषध संपल्यावर किती काळ तपासणी होणार, हे मात्र आवर्जून विचारा. १९९३ मध्ये अमेरिकेत फियाल्युरिडीन या औषधाची हिपॅटायटीस बी वरील चाचणी १५ रुग्णांवर चालू होती. त्यांतील सात जणांचे यकृत गंभीररीत्या बिघडले, पाच जण दगावले आणि दोघे यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले. औषध थांबवल्यावरही तो बिघाड वाढत गेला होता. त्यामुळे गोळ्या किंवा इंजेक्शने संपली म्हणून पुढच्या तपासण्या चुकवणे धोक्याचे आहे, आणि साताऱ्याहून पुण्या-मुंबईला महिनोन्‌महिने जाणे कामधंदा सांभाळून जमेल का, याचा विचार घरच्यांनी सहीपूर्वीच करायला हवा.

प्रश्न : अशा चाचणीत औषधाऐवजी नुसतेच पाणी टोचले तर माझे नुकसान होणार नाही का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : काही चाचण्यांत एका गटाला औषधासारखेच दिसणारे, पण औषध नसलेले इंजेक्शन दिले जाते आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला किंवा डॉक्टरांना ठाऊक नसते. हिपॅटायटीस बी च्या अनेक चाचण्यांत दोन्ही गटांची नेहमीची गोळी चालूच राहते, त्यामुळे विषाणू मोकाट सुटत नाही. आपल्या चाचणीत तसे आहे का, आणि गोळी थांबवायची असल्यास केव्हा व कोणत्या देखरेखीखाली, हे माहितीपत्रकात शोधा. उपलब्ध उपचार न देता रुग्णाला औषधविरहित गटात ठेवल्याने झालेली हानी २०१९ च्या नियमांत भरपाईस पात्र आहे. पहिल्या भेटीला जाताना जुने व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण), एचबीएसएजीचे प्रमाण, सोनोग्राफी किंवा फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) यांचे अहवाल आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, काढे आणि चूर्णे धरून, सोबत न्या.