वाचक विचारतात : रोमन भिंतीच्या पाठीमागचा खंदक

प्रश्न : आमच्या पारोळ्याच्या किल्ल्याचा खंदक तटाबाहेर आहे. इंग्लंडच्या उत्तरेतल्या, रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीला मात्र दोन्ही अंगांनी खंदक दिसतो. शत्रू उत्तरेला, मग दक्षिणेला खोदायची हौस कशाला?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : दोन्ही खंदकांचा आकार पाहा, निम्मं उत्तर तिथेच आहे. उत्तरेचा खाली निमुळता होत जातो; तो लढाईचा. भिंत उंच कड्यावरून जाते तिथे तो बहुतेक खोदलेलाच नाही, कडा पुरेसा होता. दक्षिणेचा सपाट तळाचा, सुमारे 6 मीटर रुंद नि 3 मीटर खोल. दोन्ही बाजूंना 9-9 मीटर जागा सोडून मातीचे बांध. काठालगतच माती टाकली असती तर पावसात ती परत आत आली असती. बांध धरून हा पट्टा साधारण 36 मीटरचा होतो.

ही लष्कराची हद्द होती. इ.स. 122 च्या सुमारास काम सुरू झालं तेव्हा दर रोमन मैलाला, म्हणजे दीडेक किलोमीटरला, एक चौकी आणि तिला आरपार दरवाजा अशी योजना होती. पुढे मोठी ठाणी भिंतीवरच आणली आणि त्यानंतर हा खंदक खणला. तो ठाण्यांना वळसा घालून जातो, त्यावरून क्रम कळतो. आता ओलांडायची वाट ठाण्यासमोरच, तिलाही दरवाजा. गुरं हाकणारा असो की माल नेणारा, पहाऱ्याच्या नजरेखालूनच जाणार. 117 किलोमीटरच्या या भिंतीला नुसता तट समजलं की गफलत होते. तिचं रोजचं काम नाकाबंदीचं.

प्रश्न : भिंतीची जाडी मध्येच कमी का होते?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : पाया आधी 10 रोमन फुटांचा घातला, वरचं बांधकाम नंतर 8 फुटांवर किंवा त्याहून कमी केलं. दगड-चुना वाचतो, काम लवकर उरकतं. प्लेनट्रीज इथे जाड नि बारीक भिंतीचा सांधा आजही दिसतो.

प्रश्न : घरातले मोडी कागद वाळवी खाते. हेड्रियनच्या भिंतीजवळच्या विंडोलांडा या रोमन ठाण्यात सापडलेल्या लाकडी पत्रांवरची शाई कशी टिकली?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : जुनं ठाणं पाडून त्यावर चिकणमाती नि गवताळ ढेकळं पसरली, वर नवं बांधलं. खाली कायम ओल, हवा नाही. म्हणून लाकूड कुजवणाऱ्या जिवाणूंचं काही चाललं नाही. शाई काजळीची, ती विरत नाही. 1973 पासून ही पत्रं सापडताहेत. बाहेर काढल्यावर लाकूड झपाट्याने वाळू दिलं तर ते आक्रसून वाकतं. अक्षरं बहुधा इन्फ्रारेड फोटोतच वाचता येतात. एका हजेरीपत्रकात 752 सैनिकांपैकी ठाण्यात हजर फक्त 296, आणि त्यांतल्या 10 जणांचे डोळे आलेले.

तुमचे कागद मात्र पुरू नका. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, हवा थेट आत जाते.